सदतीस ब्लाउज आणि एक परकर

साडेसहा हजार म्हणजे
दीडशेच्या शिलाईने त्रेचाळीस ब्लाउज,
अस्तराशिवाय.
नंदुरबारच्या दुकानात नवी चौदाला आहे.
तोही हिशोब मनात सुरू केला होता,
ऐंशीच्या पुढे सोडून दिला.

लोणखेड्याला, गिरासेंच्या क्वार्टरमागे
पपईच्या क्रेटला टेकून उभी होती.
जाड टायर, एकवीस गिअर,
सीटवर दुधाची पिशवी बांधलेली.
वैशाखातले सकाळचे नऊ,
हँडलला हात लावला तर चटका.

निंबा मिस्तरीला मी सोबत नेलं होतं.
त्याने मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला,
साखळी अंगठ्याने ओढून पाहिली,
पुढच्या शॉकअपवर सगळं अंग टाकलं.
दबला नाही.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"बाई, हाई सायकल नही. हाऊ खर्च शे."

गिरासे हसले. वनखात्यातला माणूस,
बदलीचं सामान अर्धं बांधलेलं, अर्धं ओट्यावर.
आम्ही भाव पाडायला खोट शोधत होतो
तर हा स्वतःच सांगत सुटला:
चढाला दुसऱ्या गिअरमध्ये साखळी सटकते.
मागचा ब्रेक ओला झाला की रेडकासारखा ओरडतो.
आणि इथे, सीटच्या नळीखाली, वेल्डिंग आहे.
"रंगाखाली गेलंय, तुम्हाला दिसलं नसतं.
तोरणमाळच्या घाटात आपटलो होतो."

निंबाने च्च केलं
आणि पाने पिशवीत भरायला घेतले.

पण मी सव्वीस वर्षं रफू करते.
रफूवर कापड सहसा पुन्हा फाटत नाही.
फाटतं ते बोटभर बाजूला,
जुन्या सुताला नवा ताण पेलत नाही तिथे.
पदर खोचून मी खाली बसले
आणि वेल्डच्या कडेकडेने नख फिरवत गेले,
वर, खाली, मग नळीच्या मागून.
नख कुठे अडकलं नाही.
पुन्हा एकदा फिरवलं, डोळे मिटून.
नाही अडकलं.

"तुम्हाला कशाला हवी पण ही?"
गिरासेंनी सरळच विचारलं.

काय सांगायचं?
गेल्या दिवाळीत पोराने मशीनला मोटर बसवून दिली.
काम दुप्पट होतं, खोटं कशाला बोलू.
पण रात्री अंथरुणात पाय हलतात,
आपले आपणच, टाच, चवडा, टाच, चवडा,
जणू कुणाची तरी बाही अर्धी राहिलीय.

"भाजी आणायला," मी म्हटलं.

माझं माहेर सारंगखेड्याचं.
यात्रेत घोडा बघायला मामा न्यायचे, घ्यायचे कधीच नाहीत.
म्हणायचे, बाजारात सगळीच जनावरं ताठ चालतात,
गर्दीबाहेर काढून एकटं चालवून बघ.
म्हणून सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेली.
साडी एका हातात, तोल दुसऱ्या हातात.
एक कुत्रं भुंकलं, एक बाई दळण घेऊन थांबून राहिली.
तिसऱ्या गिअरला कट् झालं
आणि मग ती जी चालली,
तिच्या आवाजात मला बिघाड ऐकू आला नाही.
तेल मात्र हवं होतं. ते माझ्याकडे आहे, मशीनचं.

परत आले तेव्हा निंबा पाच हजारांवर हटून बसलेला.
"छप्पन्नशे," मी म्हटलं.
निंबा माझ्याकडे बघतच राहिला.
गिरासे म्हणाले, "मीच खोट दाखवली, त्याचे कापता होय?"
"त्याचे नाही. शॉकअपचे कापले.
दाखवल्याचे वर घातलेत."

सदतीस ब्लाउज आणि एक परकर.
त्यातले अकरा घरी कापून पडलेत,
रविवारी चौधरींकडे हळद आहे,
आणि मी गोमाईच्या पुलाच्या चढावर
साखळी सटकवून उभी,
मागून लुनावर निंबा, हॉर्न दाबत,
सगळ्या शहाद्याला ऐकू जाईल असा ओरडतोय,
"तिसरामा टाक, बाई! तिसरामा!"